हात धरून चालायची जागा

आमच्या घरातल्या माणसाचं वागणं सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. गेल्या श्रावणात ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड आठ दिवसांत जागेवर आलं, बोलणं महिन्याभरात सुधारलं, राहिला तो हात आणि पाय. हात थोडाफार उचलतो, पाय मात्र फरफटतो. मुरबाडच्या डॉक्टरनं पौषात माझ्यासमोर बजावलं, "आजोबा, रोज तासभर चालायचं. डावीकडून कुणीतरी हात धरायचा आणि चालायचं. हा उन्हाळा असाच बसून काढलात तर पाय आखडेल तो कायमचा."

डॉक्टरपुढं मान डोलावली. घरी आले आणि श्रावणापासून बसत होते तिथंच, पडवीत भाताच्या कणगीमागं, परत जाऊन बसले, ते बसलेच. आळीतून कुणी जायला लागलं की पाय आत ओढून घेतात. पुतण्याच्या हळदीला गेले नाहीत, पोट बिघडलं म्हणाले. त्या दिवशी माझ्यासमोर दोन्ही वेळा पोटभर जेवले. धाऊभावजी म्हणजे ह्यांचे लहानपणापासूनचे सोबती, ते तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा हे भिंतीकडं तोंड करून झोपलेले. झोपलेला माणूस डोळे एवढे घट्ट मिटत नाही, हे धाऊभावजींना कळत नसेल काय?

आता हात धरणार कोण? माझा मुलगा अनिल पहाटे पाचला कंपनीच्या गाडीनं जातो. सुनेनं, माधुरीनं, सासऱ्याचा हात धरायची आमच्याकडं रीत नाही. राहिले मी. तर मी अंगणात हात पुढं केला की हे झटकून टाकतात.

"सोड गो. लोकं बघतात."

एकदा काठी घेऊन एकटेच निघाले आणि गोठ्यापाशी पडले. मी धावत गेले तर उठवूनही घेईनात. तसेच बसून राहिले, जसे काय तिथं बसायलाच आले होते.

आमची नात मिताली शहापूरच्या रस्त्याला ते मोठं पार्क झालंय तिथं कामाला आहे. पाण्यात जायचे कपडे भाड्यानं देतात त्या खिडकीवर. कामाला असलेल्यांना वर्षातून दोन पास फुकट मिळतात. माघातल्या एका संध्याकाळी ती ते पास घेऊन आली आणि मला न विचारता सरळ कणगीमागं गेली.

"आबा, मी कुठं काम करते ते बघायला नाय येणार तुमी?"

स्वतःच्या मुलाला ह्यांनी कधी कडेवर घेतलं नाही, पण मितालीला खांद्यावर बसवून शेतावर न्यायचे. तिला नाही म्हणणं ह्यांना जमत नाही. तरी अट घातलीच. दिवस उगवायच्या आत निघायचं, दिवस मावळल्यावर परत यायचं, आणि माझ्या भाच्यानं, पंकजनं, रिक्षा अगदी दाराला लावायची. चोरी करायला निघाल्यासारखे निघालो आम्ही दोघं.

पार्क उघडतं दहाला. आम्ही सातलाच हजर. संध्याकाळी न्यायला येतो सांगून पंकज गेला, आणि आम्ही फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. शेवटी फाटक उघडलं तर पहारेकऱ्यानं माझी पिशवी धरली.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाय."

"बाहेरचं कुठं? भाकरी माझ्या घरची हाय. सुकट पण घरची."

"तसं नाय आजी, आत नेता येत नाय."

"मग टाकू? तांदूळ पिकवायला काय लागतं ठावं हाय काय तुला? बस खाली."

तिथंच कट्ट्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. अर्धी त्याला दिली. तो नको नको म्हणाला आणि सुकट मागून घेतली.

आत एक सिमेंटची मगर आहे, तिच्या तोंडातून पोरं घसरत येतात. आकाशाला लागलेला पाळणा आहे. त्याच्या रांगेसाठी लोखंडी कठडे घातलेत, इकडून तिकडं, तिकडून इकडं, नुसती वळणं. आज गर्दी नव्हती, रांग रिकामी होती. ह्यांनी उजव्या हातानं कठडा धरला आणि चालायला लागले. एक वळण, दुसरं, तिसरं. सहा महिन्यांत मी त्यांना एवढं चालताना बघितलं नव्हतं. मी श्वास धरून मागून चालले. पाळण्यापाशी पोचले तसा तिथला माणूस म्हणाला, "बसा आजोबा, पुढचा पट्टा लावा."

"बसायला नाय आलो," हे म्हणाले आणि उलटे फिरून सगळी वळणं परत चालून आले. अशा दोन खेपा केल्या. तो माणूस डोकं खाजवत उभा.

पण कठडा संपतो तिथून पुढं नुसती मोकळी फरशी होती, आपल्या खळ्याच्या दहापट. धरायला काही नाही. तिथं हे थांबले. मी डाव्या बाजूला जाऊन हात पुढं केला.

"लोकं बघतात."

"कोण लोकं? इथं कोण तुमच्या मामाचा आलाय? मान वर करून बघा तरी कोण बघतंय ते."

त्यांनी मान वर केली. कॉलेजातल्या पोरी-पोरं, नवीन लग्नं झालेली, लेकुरवाळी, सगळ्यांचे हात एकमेकांच्या हातात. एक बाई नवऱ्याच्या दंडाला अशी लटकली होती की वारं त्याच्या अंगावरून गेलंय का तिच्या, सांगता येत नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या एका मोठ्या झोक्यावरून एक आडदांड माणूस उतरला. चेहरा पिवळाफटक, पायात पाय अडकतोय. त्याच्या बायकोनं त्याच्या काखेत खांदा दिला आणि हसत हसत त्याला चालवत नेलं.

हे लांबपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले. "हा माझ्यापरास वाईट चालतो," म्हणाले.

"तर काय! आणि ती बघा कशी नेते. तिला वाटते काय लाज?"

"तू बोल. तुला कसं वाटतं ते?"

"लाज कशाला वाटायची? नवरा हाय तिचा."

ह्यांनी माझ्याकडं वळून असं बघितलं की मलाच वाटलं, माझ्या तोंडाला काही लागलंय. "हे तू बोलतेस?"

"मग कोण बोलतंय?"

"माधुरी नवी आलेली तेव्हा अनिलचा हात धरून स्टँडवरून घरी आली. तू ओटीवर उभी राहून काय बोललीस तिला? अख्खी आळी बाहेर आलेली. पोर चार दिवस जेवली नाय."

चार नाही, दोन दिवस. पण ते मी बोलून दाखवलं नाही. तेवीस वर्षं झाली त्याला. मला वाटत होतं, ते फक्त मला आणि माझ्या सुनेलाच आठवतं.

"तेव्हापासून मला ठावं हाय," हे खाली फरशीकडं बघत म्हणाले, "तुला तसलं आवडत नाय. आता माझ्यापायी तू तसं आळीतून चालायचं आणि बायांनी तुझ्याकडं बघून हसायचं. आजवर तू कुणाकडून ऐकून घेतलं नायस. तुझी मान खाली जायची, ती मला नको. पाय गेला तर गेला."

माझ्या घरात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. मी समजत होते ह्यांना स्वतःच्या पायाची लाज वाटते. त्यासाठी मी सहा महिने टोचून टोचून बोलले, भित्रे म्हणाले, आळशी म्हणाले, कणगीला लागलेली घूस म्हणाले. हे सगळं ऐकत तो माणूस तिथं माझी अब्रू राखत बसला होता.

मी त्यांचा डावा हात धरला. लग्नात भटजीनं हातावर हात ठेवला होता, त्यानंतर असा चारचौघांत हाच. हात गार होता. बोटं आधी तशीच सैल राहिली, मग हळूहळू वळली.

"चल," म्हणाले.

लावणीला ओळीत जी बाई सगळ्यात हळू असेल तिच्या चालीनं सगळ्यांनी सरकायचं असतं. तशी चालले मी. त्यांचा पाय मागं राहिला की मी थांबायची, पाय आला की निघायची. सबंध मैदान पार केलं. आमच्याकडं कुणी बघितलंही नाही. फक्त कपड्यांच्या खिडकीतून मितालीनं बघितलं. पोरीनं तोंडावर हात ठेवला, डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलायला लागली. गेलीय माझ्यावर.

"आजी, आबांना पाण्यात ने. पाण्यात अंग हलकं होतं, चालायला सोपं जाईल त्यांना. पण साडीत सोडत नाय, हे घालायला लागेल." आणि तिनं एक काळी विजार आणि गुडघ्यापर्यंतचा सुळसुळीत सदरा माझ्यापुढं टाकला.

"हे घालून मी बाहेर यायचं? माझी सासू वरून खाली उतरेल."

"उतरली तर तिला पण देते, सगळे साइज हायत."

घातलं. काय करते? बाहेर आले तर हे अर्ध्या चड्डीत बाकावर बसलेले, काटकुळे पाय पुढं केलेले. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बरी दिसतेस."

"तोंडावरून वारं गेलेलं तेव्हाच बरं होतं. गप तरी होतात."

तिथं एक तळं आहे, त्यात भोंगा वाजला की लाटा सुटतात. आम्ही कडेला गुडघाभर पाण्यात उभे राहिलो, हात धरून. पाय खरंच सोपा चालत होता त्यांचा. चिखलात जन्म गेलेला माणूस, पाणी कसं कापत चालायचं ते पायाला आठवत असणार. मी त्यांच्या पायाकडं बघत होते, भोंगा वाजला तिकडं माझं लक्षच नव्हतं. लाट आली, माझे पाय फरशीवरून सटकले आणि मी सगळ्यांदेखत पाण्यात बसकण मारली. नाकातोंडात पाणी. ओरडले मी. खोटं कशाला बोलू, घाबरले होते.

त्यांनी हात सोडला नाही. वळले, उजव्या हातानं माझा दंड धरला आणि ओढलं. ओढताना सगळा भार डाव्या पायावर आला. पाय थरथरला, वाकला, मला वाटलं आता हे पण पडतात. पण पाय राहिला. मी उभी राहिले आणि दोघंही पाण्यातून त्या पायाकडं बघत राहिलो.

"धरला," ते म्हणाले. "बघितलास काय, भार धरला त्यानं."

त्यानंतर माझ्याकडून त्यांनी त्या तळ्याच्या कडेनं पाच फेऱ्या करून घेतल्या. भोंगा वाजला की मलाच म्हणायचे, "घट्ट धर हां, पडशील."

तीनच्या सुमाराला कपडे बदलले, मितालीला सांगितलं, फाटकाबाहेर आलो. तर म्हणतात, "एसटीनं जाऊ. पंकजला फोन कर, येऊ नको म्हणावं. अंधार पडेस्तोवर कोण बसतंय इथं?"

मी लगेच फोन केला. आज आमच्या धसईचा आठवडी बाजार आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं.

मुरबाडला गाडी बदलली. धसईच्या गाडीत आमच्या शेजारी टोपल्या आणि रिकाम्या गोण्या येऊन पडल्या, तसे हे त्यांच्याकडं बघायला लागले.

"आज बाजार," म्हणाले.

"हो."

"बोलली नायस मला."

"विचारलंत कुठं?"

धसई येईपर्यंत मग खिडकीकडं तोंड.

आमच्या स्टँडवरून घरी जायचं तर अख्ख्या बाजारातून जावं लागतं, दुसरी वाट नाही. मी आधी उतरले. मग हे, माझ्या खांद्यावर हात टेकून. गाडी गेली, मी डावीकडून त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं तिथं कलत्या उन्हात उभे राहिलो. सुकी मासळी विकणारी सकुबाई, तिचा तराजू हातातच राहिला. चहाच्या टपरीवरून धाऊभावजी कप घेऊन उठून उभे राहिले. आमच्या आळीतल्या दोन बायका भाजीवाल्यापाशी वाकल्या होत्या, एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

"काय गो काशीवैनी," सकुबाईनं हाक मारली, "जोडीनं कुठं जाऊन आलाव?"

माझ्या हातातली त्यांची बोटं सुटायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. पाय जागचा हलेना. मी वर बघितलं तर त्यांचे डोळे त्या दोन बायकांकडं होते.

मी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि सकुबाईलाच काय, टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना म्हणाले, "लय शहाणे समजता सोताला. सहा महिने माझ्या मानेची काळजी केलीत, आता पुरे, माझी मान माझी मी बघते. चला. आणि हात सोडवलात ना, तर ह्या भर बाजारात तुमचं नाव घेऊन हाक मारीन, आणि तीपण अरे-तुरे करून!"