धुरकं गिळणारे महाराज

डिसेंबर उजाडला की कात्रजच्या आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं सकाळी मैदानात डोळे मिटून बसायची. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, तोंडाने मंत्र. सोसायटी डोंगराखालच्या खोलगटात असल्याने धुरकं इतकं दाट बसतं, की मी एकदा त्यावर टोपी टांगली होती. ऊन पडल्यावर ती खाली आली. माझ्या थापा एवढ्याच. वायुनाथ महाराजांची मजल अणूपर्यंत होती.

"अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन फिरतो," महाराज सांगत. "मी त्याला उलटा फिरवतो. मग धूर विरतो. खोल श्वास घ्या, बाळांनो."

आणि साडेनऊच्या सुमारास धुरकं खरंच विरायचं. लोक महाराजांच्या पाया पडायचे आणि ऑफिसला पळायचे.

"इलेक्ट्रॉन म्हणजे काय रिक्षा आहे, महाराज, उलटी वळवायला?" पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सुनीतीबाईंनी एकदा विचारलं. महाराज हसले. "श्रद्धा कमी पडते, माताजी."

पहिल्या रांगेत सुदर्शन बसायचा. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी. त्याच्या लहान मुलाला, ऋषीला, दमा होता. औषधाचा पंप म्हणजे खोटी हवा, असं महाराज म्हणाले आणि सुदर्शनने पंप बंद केला.

"अहो, पोराची छाती वाजतेय," त्याची बायको पूर्णिमा म्हणायची.

"आतली घाण बाहेर पडतेय, पडू दे."

एका सकाळी मैदानातच ऋषीचे ओठ निळे पडले. महाराजांनी एक डोळा उघडला, पाहिलं आणि परत मिटला. सुनीतीबाईंनीच रिक्षा बोलावली. आम्ही इस्पितळात पोहोचलो तेव्हा पोराला आवाज फुटत नव्हता. दुपारपर्यंत महाराजांनी विश्रांतवाडीला मुक्काम हलवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या खिडकीशी सुदर्शन आणि सुनीतीबाई उभे होते. सोसायटीचं मैदान आज रिकामं होतं, मंत्र नाही, कोणी नाही. साडेनऊला धुरकं नेहमीसारखं विरलं.

"बाई, हे आपोआप कसं गेलं?"

"रोज आपोआपच जायचं. थंडीत रात्री जमीन गार पडते. तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खाली गाड्यांचा, कचऱ्याचा धूर कोंडतो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उठते, धूर पांगतो. तुमच्या महाराजाला फक्त सूर्याची वेळ माहीत होती."

"आणि धुराचे अणू?"

"जसेच्या तसे. काजळीतला कार्बन मंत्राने बदलत नाही. तो पांगतो, नष्ट होत नाही. तुम्ही मात्र हवा सगळ्यात घाण असते तेव्हा पोराला तिथे नेऊन खोल श्वास घ्यायला लावलंत. सुदर्शन, ऑफिसात एखादी गोष्ट कशामुळे चालते ते कसं तपासतोस?"

"ती बंद करून बघतो," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

ऋषी वाचला. सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळी संदेश आला: 'महाराजांच्या कृपेने बाळ सुखरूप.' खाली जोडलेल्या हातांची रांग. सगळ्यांत आधी हात जोडणारे ऋषीचे आजोबा.

थापा ऐकायला माझ्याकडे या. त्या फुकट असतात आणि त्यांपायी कोणी औषध सोडत नाही. पण जो तुमच्या लेकराचं औषध बंद करायला सांगेल, त्याला एवढंच म्हणा: महाराज, उद्या तुम्ही येऊ नका. काय होतं ते आम्ही बघतो.