कमी दारूचं काडतूस

आमचे ज्ञानदेव आठवडाभर युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात, आणि ॲन आर्बरबाहेर जागा घेतल्यापासून शनिवार-रविवार शेळ्यांमागे. हौस त्यांची, लेंड्या झाडणं माझ्या नशिबी! मार्चमध्ये दोन करडं झाली, एप्रिलमध्ये कायोटीनं दोन्ही नेली. कायोटी म्हणजे आपल्याकडचा कोल्हाच, जरा थोराड. साहेब संतापले आणि तडक रायफल घेऊन आले. पहिला बार काढला तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. "यंदाची, शहाऐंशी सालची बुद्धजयंती आपल्याकडे आहे. वंदना घ्यायला शिकागोहून रामभाऊकाका आदल्या दिवशीच मुक्कामाला येणार. ह्याच हॉलमध्ये सगळ्यांनी पाणातिपाता वेरमणी म्हणायचं, जीवहत्या करणार नाही म्हणायचं, आणि मागे हे धडामधूम? समाजात तोंड दाखवायला जागा राहील का?"

'मारू नका' असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, 'ऐकू जायला नको.' करडांचा राग मलाही होताच. आता लाज वाटते, पण खरं ते हेच.

दोघं मिळून दुकानात गेलो. आवाज कमी असलेली रायफल हवी म्हटल्यावर म्हातारा दुकानदार म्हणाला, "शेजारी कटकट करतात?" ज्ञानदेव हो म्हणाले. कसले शेजारी! शेजारचा डेल स्वतःच अंगणातून बार काढत असतो. दुकानदारानं दोन काडतुसं काउंटरवर उभी केली. गोळी दोन्हींची सारखीच, पण त्या हॉर्नेट नावाच्या बुटक्या काडतुसात दारू जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणून आवाजही बेताचा. "पण लांबचा नेम धरू नका," त्यानं बजावलं. "दीडशे यार्डांपलीकडे जनावर मरत नाही, नुसतं जखमी होतं."

"दारू कमी केली म्हणजे शील पाळलं, असं होत नाही हो," हॉर्नेटची रायफल घेऊन निघालो तेव्हा मी गाडीत म्हटलं. साहेब खो खो हसले. मीही हसले. आम्हाला वाटलं, जमलं.

जयंतीच्या सकाळी मी खीर ढवळत होते. काका आंघोळीला गेले होते. मागच्या बाजूला टप्प झालं, डब्याचं झाकण पडावं तेवढंच. वा, मी मनात म्हटलं. आणि मग ते ओरडणं सुरू झालं.

ज्ञानदेव आत आले, चेहरा पांढराफटक. "लांब होता. वाटलं, बसेल नेम. कमरेत लागली. सरपटत झुडपात शिरला."

"मग जा ना, शोधा त्याला!"

"लोक आले, सुजाता."

खरंच, अंगणात गाड्या वळत होत्या. रायफल कपाटात गेली, अंगावर पांढरा सदरा चढला, आणि साहेब मेणबत्त्या लावायला हजर.

काकांनी पंचशील सुरू केलं आणि मागून ते ओरडणं पुन्हा आलं. लहान मूल कळवळावं तसं. काका थांबले. "काय आहे हे?"

"शेजाऱ्यानं काहीतरी मारलं असेल, काका," ज्ञानदेव म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पहिलं शील म्हणून व्हायच्या आत आम्ही नवराबायकोनं खोटं न बोलण्याचं चौथंही मोडून टाकलं.

काका उठले. "जीव तळमळतोय, आणि आपण इथं बसून काय म्हणतोय? चला." सगळे पांढऱ्या कपड्यांत ओल्या गवतातून निघाले. झुडपाखाली सापडलं जनावर. मागचे पाय निकामी झालेले, दात विचकून पुढच्या पायांवर उठायला बघत होतं. मादी होती. आचळं दुधानं भरलेली.

काका तिच्यासमोर गवतात बसले, डोळे पुसले. "ही आता जगत नाही," म्हणाले. "तळमळत ठेवण्यात कसली करुणा? त्या शेजाऱ्याला बंदूक घेऊन बोलवा. त्यानं केलंय, त्यानंच संपवावं."

डेट्रॉइटहून आलेला उल्हास डेलच्या घराकडे निघालासुद्धा. ज्ञानदेवांनी त्याचा दंड धरला. "थांब, यार," म्हणाले आणि घरात गेले. रायफल घेऊन परत आले तेव्हा त्यांची मान वर होत नव्हती. मला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

काका रागावले असते तर सोसलं असतं. ते हळूच मला म्हणाले, "पोरी, मुलांना घेऊन आत जा. तुझ्यानं ऐकवणार नाही."

"मुलांना दुसरं कोणी न्या," मी म्हटलं. "आवाज कमी असलेली घ्या, असं मीच सांगितलं होतं, काका. मी इथंच थांबते."

ज्ञानदेव ह्या वेळी अगदी जवळ गेले. मी कानांवर हात ठेवले नाहीत.