आक्कांच्या स्मरणार्थ शेण

रत्नव्वाआक्कांच्या पहिल्या पुण्यतिथीला, सकाळी साडेनऊला, पूर्णिमाच्या लक्षात आलं की तालमीच्या अंगणात शेण नाही. कोल्हापुरात काहीही कमी पडेल, पण शेण कमी पडल्याची नोंद इतिहासात कुठे नाही.

आक्का गडहिंग्लजकडच्या. पेठेतल्या शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि मुलांसाठी अकरा छोटी पुस्तकं लिहिली: गांडुळावर, घुबडावर, गोगलगाईवर. सगळ्यांत गाजलं ते शेणकिड्यावरचं. त्यांच्या वर्गात असताना पाल दिसली की पूर्णिमा किंचाळायची. आक्कांनी तिच्या हातात भिंग दिलं, तेव्हापासून पालींनी किंचाळायला सुरुवात केली.

आक्का गेल्या आणि त्यांची पुस्तकं, सतरा भिंगं आणि सापाची एक कात पूर्णिमाच्या पलंगाखाली आली. तिला या सगळ्यासाठी तालमीची पुढची खोली हवी होती. मुलांचं वाचनालय, दारावर आक्कांचं नाव. तालमीचे अध्यक्ष उदयसिंह पैलवान यांना त्याच खोलीत पळायचं मशीन हवं होतं. त्यावर कितीही पळालं तरी माणूस खोलीतच राहतो, हे तिने त्यांना तीनदा सांगून पाहिलं.

शेवटी तेच म्हणाले, "आक्काचा कार्यक्रम आमच्या अंगणात घे. पोरं तासभर मोबाईल सोडून बसली, तर खोली तुझी. न्हाय तर सोमवारी मशीन."

पूर्णिमा पहाटेच माळावर जाऊन पेढ्याच्या बॉक्समधून दोन शेणकिडे घेऊन आली होती. शेणाची काळजी तिने केलीच नव्हती, कारण अंगणात तालमीची म्हैस बिजली बांधलेली असायची आणि बिजली कामात कधी चुकत नसे.

पण कार्यक्रम मानाचा म्हणून पैलवानांनी रात्रीच टँकर मागवून अंगण धुतलं होतं. बिजलीला तेल लावलं, शिंगं रंगवली, गळ्यात गोंडे घातले. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत जावी तशी ती उभी होती. खाली ठिपक्यांची रांगोळी.

"पैलवान, शेण कुठाय?"

"एक कण ठेवला न्हाय," उदयसिंहांनी छाती फुगवली. "आक्काला मान हाय आमच्यात."

"मग किडे ढकलतील काय?"

पैलवान विचारात पडले. "रांगोळी चालंल का?"

दहाला साठ पोरं आली, साठही मोबाईलात मान घालून. आता आशा एकट्या बिजलीवर. सगळं मंडळ तिच्या मागे जाऊन उभं राहिलं. सरकी झाली, पेंड झाली, ऊस झाला. बिजलीने सगळं खाल्लं आणि पाहुणीसारखी उभी राहिली.

"लाजतीया," हलगीवाले आकाराममामा म्हणाले. "एवढी नटवल्यावर कोण हगंल? वाजवू का?"

"वाजवा मामा!"

हलगी कडाडली तसं पहिल्यांदा एका पोराने मान वर केली, मग दहांनी. बिजलीने शेपूट उचललं. "आलं, आलं!" साठ मोबाईल खिशात गेले. शेपूट खाली आलं. "अर्रर्र!" असं चार वेळा झालं. पाचव्यांदा अंगणात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, पण पडली ती टाचणी नव्हती.

"चांगभलं!" पोरं नाचली. दोन म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या.

पूर्णिमाने किडे सोडले. वीस मिनिटांत एकाने सुपारीएवढा गोळा वळला, डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, आणि उलटा निघाला. पोरं आक्कांची सतरा भिंगं आळीपाळीने घेऊन रांगोळीवर पालथी पडली. एवढ्यात दुसरा किडा धावून आला आणि आयत्या गोळ्यावर चढला.

"आरं, कुस्ती लागली!" उदयसिंह एकशे दहा किलोंनिशी आडवे झाले. "लाव, ढाक लाव! मागं सरू नगंस, वाघा!"

मामांनी ठेका बदलला. चोराला खरोखर ढाकेचा डाव बसला. तो उताणा पडून पाय झाडू लागला.

"पैलवान, तास होऊन गेला," पूर्णिमा हळूच म्हणाली.

"गप गं! कुस्ती निकाली झाली, आता बघू दे कुठं जातोय."

आक्कांनी पुस्तकात लिहिलं होतं: किडा उलटा चालतो, पण कुठे जायचं ते त्याचं ठरलेलं असतं. हा विजेता अंगण ओलांडून पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी पोचला. तिथे आखाड्याची मऊ लाल माती सांडली होती. तो खणू लागला. हळूहळू गोळा खाली गेला, मागोमाग किडाही.

"ह्ये काय आता?" उदयसिंहांनी विचारलं.

"घर केलं त्यानं."

पैलवानांनी वाकून त्या भोकात डोकावून पाहिलं. नाकाला रांगोळी लागली होती. मग उठून त्यांनी मशीनवाल्याला फोन लावला. "पावणं, मशीन आणू नगा. न्हाय, न्हाय, खोलीत रहिवासी आलाय." फोन ठेवून ते पूर्णिमाकडे वळले. "आक्काची पुस्तकं आण जा."

ती पुस्तकांचं पहिलं खोकं घेऊन उंबऱ्याशी आली, तर पैलवान दारात हात पसरून उभे.

"मागल्या दारानं ये! हितं माणूस झोपलाय."