शिंप्याच्या उजवीकडे

बाबांच्या मोबाइलमध्ये एका गोल टेबलाभोवती पाच रिकाम्या खुर्च्या होत्या आणि खाली पाच माणसं ताटकळत उभी होती. शिंपी, माळी, पोस्टमन, डॉक्टर आणि शाळेतल्या बाई. चार दिवस झाले तरी त्यांना बसायला जागा मिळत नव्हती. अटी चारच होत्या. माळी शिंप्याच्या लगेच उजवीकडे हवा. पोस्टमन माळ्याच्या शेजारी नको. बाई शिंप्याच्या शेजारी नकोत. डॉक्टर आणि पोस्टमन यांचं तर एकमेकांशी अजिबात जमत नव्हतं.

"इतकी भांडकुदळ माणसं एका टेबलावर बोलावली कोणी?" बाबा पहिल्या दिवशी म्हणाले होते आणि स्वतःच्याच विनोदावर हसले होते. चौथ्या दिवशी ते हसत नव्हते.

खेळ डॉक्टरांनी सांगितला होता. मोबाइलमधले नव्हे, खरे. महिन्यापूर्वी बाबा करवतीचं मशीन चालू ठेवून घराला लागूनच असलेल्या आपल्या कारखान्याबाहेर गेले. शेजारच्या छापखान्यातला माणूस आवाज ऐकून आला, तर पातं मोकळंच फिरतंय, अर्धी चिरलेली फळी पुढ्यात, आणि बाबा मागच्या अंगणात नुसते उभे. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, विसरलो." त्यावर घरात जे व्हायचं ते झालं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वय आहे, आताच काही सांगता येणार नाही, सहा महिन्यांनी बघू. तोवर डोक्याला काम देत राहा.

बाबांची थोरली लेक म्हणजे ताई. तिच्या धाकट्या भावाला सहा महिने थांबायचं नव्हतं. त्याला अजून सगळे बारक्याच म्हणत, चाळिशी उलटली, पोट पुढे आलं तरी. बारक्याचं म्हणणं एकच: कारखान्याची किल्ली माझ्याकडे द्या. तुमची बोटं गेल्यावर किल्ली घेऊन काय करू? त्यात त्याचं चुकत नव्हतं, हेच ताईला सलत होतं. कारण बाबा म्हणजे खुर्च्या. पंचेचाळीस वर्षं या माणसाने खुर्च्यांखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. किल्ली काढून घेतली तर त्यांच्याकडे उरायचं काय? सकाळी उठून हा माणूस जाणार कुठे?

शेवटी बाबांनीच पैज लावली. त्यांच्या नाकावर माशी बसायची सोय कधीच नव्हती. सव्वीस लेव्हल त्यांनी सटासट सोडवल्या होत्या. "ही सत्ताविसावी रविवारी चारपर्यंत सोडवतो. सोडवली तर किल्लीचं नाव काढायचं नाही. नाही सोडवली तर मीच हातात देईन."

आज रविवार. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. खेळात दिवसाला तीन बदाम, म्हणजे तीन संधी, मिळायच्या, चुकलं की एक बदाम गळायचा. सकाळपासून दोन गळले होते.

ताई औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसभर डोळ्यांसमोर खण आणि खणांत बाटल्या, त्यामुळे कोण कुठे हे तिच्या डोक्यात आपोआप बसे. तिने हे कोडं मनातल्या मनात केव्हाच सोडवलं होतं. शिंपी, त्याच्या उजवीकडे माळी, मग डॉक्टर, मग बाई, मग पोस्टमन, आणि फिरून शिंपी. दुसरा मार्गच नव्हता. बाबा हात धुवायला मोरीकडे गेले तेव्हा मोबाइल तिच्यासमोर उघडाच पडला होता. पाच वेळा बोट टेकवलं असतं की काम फत्ते. तिचा हात पुढे गेलासुद्धा. मग तिला वाटलं, बाबांना कळेल. आणि कळलं नाही तर ते त्याहून वाईट. तिने हात मागे घेतला.

मोबाइलशेजारी बाबांनी आपली मांडणी केली होती. उरल्यासुरल्या लाकडाच्या तुकड्यांतून त्यांनी चार दिवसांत पाच इवल्या खुर्च्या बनवल्या होत्या. पाठीसकट, हातांसकट! प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने एकेक अक्षर. मधे टेबल म्हणून डब्याचं झाकण. ज्या माणसाचं डोकं चालत नाही म्हणून आपण सगळे गळे काढतोय, त्याने नखाएवढ्या खुर्चीचा हात गोल घासून ठेवला होता.

तिने एकेक अक्षर वाचलं. माळ्याशेजारी डॉक्टर. डॉक्टरशेजारी बाई. बाईंशेजारी पोस्टमन. पोस्टमनशेजारी शिंपी. तिने पुन्हा वाचलं. शेजार सगळे बरोबर होते, एकही चुकला नव्हता. फक्त सगळं टेबल उलट्या बाजूने फिरलं होतं. माळी शिंप्याच्या डावीकडे बसला होता.

"बाबा, माळी शिंप्याच्या कुठल्या हाताला आहे?"

"उजव्या." टॉवेलला हात पुसत बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कंटाळा होता. "दहादा तपासलंय मी. खेळच बिघडलेला आहे."

"दाखवा बरं."

बाबा वाकले. त्यांनी शिंप्याची खुर्ची चिमटीत उचलली, तिचं तोंड स्वतःकडे केलं आणि तिच्याकडे बघत आपला उजवा हात पुढे केला. "हा उजवा."

ताई बघतच राहिली. लहानपणी तिने हेच तर केलं होतं. "उजवा हात आण गं," बाबा कारखान्यातून हाक मारायचे आणि ती खडूची खूण बघून खुर्चीचा हात नेऊन द्यायची. बाबा कायम खुर्चीच्या समोर उभे असत, खुर्ची त्यांच्याकडे तोंड करून. त्यांच्या उजव्या हाताला येईल तो उजवा. दुसऱ्या कुणाला हे कळण्याची गरज नव्हती, सगळे भाग तेच कापत, तेच जोडत. पंचेचाळीस वर्षं जग त्यांनी असं समोरून पाहिलं होतं.

"बाबा, तुम्ही समोरून बघताय. शिंपी तर बसलाय. बसलेल्याचा उजवा हात इकडे येतो."

बाबांनी खुर्ची हातात फिरवली. कपाळावर आठी आली. "मी कधी बसलोय का माझ्या खुर्चीत? ती गिऱ्हाइकाची असते. बसून बघायची ती तुझी आई."

ते खरं होतं. नवी खुर्ची झाली की आधी आई बसे, मागे रेले, "डावीकडे बोचतंय हो" म्हणे, आणि बाबा निमूट पटाशी उचलत. गावभर ज्यांचा दरारा, ते बाबा. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

ताईला हायसं वाटलं. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, धंद्याची सवय आडवी आली, एवढंच! तिने खात्री करायला सहज विचारलं. "बरं, आपल्या जेवायच्या टेबलावर आई कुठे बसायची?"

"माझ्या डाव्या हाताला," बाबा क्षणाचाही विचार न करता म्हणाले.

ताईचं हसू मावळलं. आई बाबांच्या उजव्या हाताला बसायची. तीस वर्षं. वाढताना आईचं कोपर बाबांच्या उजव्या हाताला लागायचं आणि रोज त्यावरून एक छोटं भांडण व्हायचं. हे कसं विसरले? तिने मान वळवून आतल्या खोलीतल्या टेबलाकडे पाहिलं. टोकाला बाबांची खुर्ची, तिच्याशेजारी आईची. समोर स्वयंपाकघराचं दार. आणि दाराच्या चौकटीला, छातीएवढ्या उंचीवर ठोकलेली एक अरुंद फळी.

ती फळी तिने शंभरदा पाहिली होती. किराणा ठेवायला असेल, असं तिला वाटे. आता तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. फळीवर मिठाची बरणी होती, एक चमचा होता, पाण्याचा पेला होता. फळीचा मधला भाग ताटली सरकून सरकून गुळगुळीत झाला होता.

बाबा उभ्याने जेवत होते. दोन वर्षं. त्या दारात उभं राहून, टेबलाकडे तोंड करून. तिथून आईची खुर्ची डावीकडेच दिसते. ते काहीच विसरले नव्हते. आणि ती दर रविवारी डबा घेऊन यायची तेव्हा "माझं झालंय, तू जेव" हे ऐकून समाधानाने एकटी जेवायची. ताईला स्वतःची लाज वाटली. औषधांच्या चारशे बाटल्या कुठे आहेत ते तिला ठाऊक होतं, आणि बाप कुठे उभा राहून जेवतो ते माहीत नव्हतं.

"बाबा, चला," ती म्हणाली. "इथे उभं राहून सुटायचं नाही हे. बसावं लागेल."

"कुठे?"

"तुमच्या जागेवर."

तिने मोबाइल उचलला, इवल्या खुर्च्या झाकणावर गोळा केल्या आणि आत गेली. बाबा मागून आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी ती ओढली आणि बसले. बसल्यावर त्यांचा उजवा हात आपोआप थोडा आत ओढला गेला, कुणाचं तरी कोपर लागेल म्हणून.

"इकडे बसायची," ते उजवीकडे बघत म्हणाले. "इकडे."

ताईने डोळे पुसले, बाबांनी पुसले नाहीत. मग त्यांनी मोबाइल जवळ घेतला. शिंपी बसवला. उजवा हात टेबलावर ठेवून, त्याच्याकडे बघत माळी बसवला. डॉक्टर, बाई, पोस्टमन. पाची खुर्च्या हिरव्या झाल्या आणि मोबाइलने फालतू सनई वाजवली.

चारला पाच मिनिटं असताना बारक्या आला. ताईने दारातच त्याला मोबाइल दाखवला. "सुटली. त्यांनी सोडवली, मी बोटही लावलेलं नाही. आता किल्लीचं नाव काढायचं नाही."

बारक्याने मोबाइल पाहिला, बाबांना टेबलाशी बसलेलं पाहिलं, आणि त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. त्यालाही हरायचंच होतं, बिचाऱ्याला. "चला, सुटलो बुवा," तो म्हणाला.

"बस," बाबा म्हणाले. खिशातून त्यांनी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "खेळ जिंकलो मी. पण त्या दिवशीचं तुम्हाला सांगितलं नाही. फळी लांब होती. लांब फळीचं दुसरं टोक तुमची आई धरायची. मशीन चालू केलं, फळी लावली, आणि टोक धरायला तिला हाक मारली. आली नाही, म्हणून अंगणात बघायला गेलो." त्यांनी किल्लीवर बोट ठेवलं. "अंगणात पोचेपर्यंत मला खरंच वाटत होतं, ती कपडे वाळत घालत असेल."

बाबांनी किल्ली बोटाने बारक्याकडे सरकवली. महिनाभर ती मागणाऱ्या बारक्याने हात मांडीवरून हलवला नाही.

"घे. एकट्याने चालवायचं मशीन नाही ते."

"एकट्याने नकाच चालवू," बारक्या म्हणाला. "किल्ली राहू दे माझ्याकडे. दर रविवारी मी घेऊन येतो. टोक मी धरतो."

"तुला सरळ धरता येत नाही. लहानपणापासून."

"मग ओरडा."

बाबांनी मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही, पण बारक्याने किल्ली उचलून खिशात घातली. ताईने चहा टाकला. तीन कप भरून ती आली, तेव्हा सवयीने तिचा हात चौकटीवरच्या फळीकडे वळला. तिने बाबांचा कप टेबलावर ठेवला, आणि बाबांनी तो बसून प्यायला.