आठही दिवे लागतात

वायर तपासायच्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले आणि अण्णांनी तो सुनेच्या नाकासमोर धरला.

"बघ. एकूण एक दिवा लागतोय. वायर ठणठणीत आहे. त्या कंपनीवाल्यांना फोन लाव आणि झाड चांगलं."

"लावला, अण्णा. ते म्हणतात लाइन ठीक आहे." सुनेची नजर पडद्यावर होती. तिथे सरावाचं व्याख्यान चाललं होतं, चाललं कसलं, रांगत होतं. मास्तर तोंड उघडून थिजायचे, मग चार शब्द एकदम बाहेर पडायचे, पुन्हा थिजायचे. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. अकराला परीक्षा होती.

परीक्षा कामाची होती. कॉलेजात ऐकू न येणारी मुलं शिकत होती. वर्गात मास्तर बोलतील ते घरी बसून ऐकायचं आणि त्याच क्षणी टाइप करायचं, म्हणजे मुलांना ते समोर वाचता येतं. जागा एकच होती. आज तासभर खऱ्या वर्गासाठी टाइप करून दाखवायचं, जमलं तर जागा हिची, नाही तर दुपारी दुसरी बाई बसणार. सुनेची बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला धाप लागावी. पण ऐकूच आलं नाही तर बोटं काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अण्णांच्या जिवाची घालमेल होत होती, आणि घालमेल झाली की ते चिडायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा चांगली नोकरी सोडून हिने सासूचं सगळं केलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत, नाक न मुरडता. सुनेला 'बरं केलंस' एवढंही म्हणायला अण्णांना जमलं नव्हतं. म्हणून मग, वरच्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हटल्यावर, त्यांनी वायर टाकली. खालच्या राउटरपासून वरच्या मागच्या खोलीपर्यंत, जिन्याच्या कडेकडेने, गुडघ्यावर बसून, आठ दिवस. एक खिळा ओळीबाहेर नाही.

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं त्यांनी केबली जोडल्या होत्या. केबलीत तारा दोन दोन करून पिळलेल्या असतात, आणि त्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे जोडी फोडायची नाही. पिळातल्या दोन तारा शेवटपर्यंत शेजारी शेजारीच लावायच्या. जोडी फोडली की एकाच्या फोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. असं करणाऱ्याला अण्णा तोंडावर खाटीक म्हणायचे.

सुनेने संगणक बंद करून चालू केला. अण्णा खाली जाऊन राउटर बंद-चालू करून आले. वर स्पीड तीन. खाली राउटरजवळ मोबाइल धरला तर ब्याण्णव.

"मग संगणकच खाली नेऊ," अण्णा म्हणाले.

"खाली भावजींची पाच शिवणयंत्रं खडखडतायत. शाळेचे गणवेश आज द्यायचेत त्यांना. मला काय ऐकू येणार तिथे?"

"म्हणजे वायर खराब आहे असं म्हणायचंय तुला?"

"मी असं कुठे म्हटलं?"

खरंच म्हटलं नव्हतं. त्यामुळे अण्णांना आणखी झोंबलं. ते तणतणत खाली गेले. राउटरच्या खोक्यात कंपनीची हातभर तयार वायर पडून होती. तिच्याशी आपलं काम ताडून दाखवावं म्हणून त्यांनी भिंग काढलं आणि तिच्या पारदर्शक प्लगमधून रंग बघितले.

हिरव्याची जोडी फोडलेली होती! एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या, आणि मधे निळ्याची जोडी घुसवलेली.

"खाटीक लेकाचे," अण्णा म्हणाले आणि दुसरं टोक बघितलं. तिथेही तसंच. एका टोकाला गाढवपणा होतो, दोन्ही टोकांना सारखाच होत नाही. मग त्यांनी खोक्यातला कागद उलगडला. चौतीस वर्षं काम केलेल्या माणसाने चित्र कशाला बघायचं, म्हणून तो घडीतच राहिला होता. चित्रात स्पष्ट होतं की या प्लगात तिसरी आणि सहावी जागा मिळून एक काम करतात. म्हणजे इथे हिरव्याला फाकवून बसवलं तरच ती जोडी जोडी राहते. अण्णांनी सगळ्या जोड्या शेजारी शेजारी लावल्या होत्या, त्यामुळे तिसऱ्या जागी एका जोडीची तार होती आणि सहाव्या जागी दुसरीची. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या तेच त्यांनी स्वतःच्या घरात केलं होतं. आणि टेस्टर? तो बिचारा तार तुटली का एवढंच सांगतो. आठही दिवे लागणारच होते.

अण्णांनी घड्याळ बघितलं. दहा अठ्ठावीस.

ते धापा टाकत वर गेले. "वायरच आहे. मी चुकलो. दोन्ही टोकं पुन्हा करतो."

सुनेने खुर्ची मागे सरकवून त्यांना जागा दिली.

प्लग तीन उरले होते, लागणार होते दोन. वरचं टोक झालं. खालच्या टोकाला पक्कड दाबताना एक तार निसटली आणि प्लग वाया गेला. आता एकच. दहा एकेचाळीस. अण्णांनी तारा पुन्हा सरळ केल्या, ओळीत धरल्या, आणि त्या परत फाकल्या. तीनदा असंच झालं. शेजारी यंत्रं खडखडत होती. म्हातारपणाचा त्यांना एवढा राग कधीच आला नव्हता.

"सूनबाई!" त्यांनी जिन्यातून हाक मारली. "तुझी बोटं दे जरा!"

ती धावत खाली आली. अण्णा रंग सांगत गेले, ती तारा लावत गेली. केशरी, हिरव्यातली एक, निळ्या दोन, हिरव्यातली दुसरी, तपकिरी. तिने प्लग घट्ट धरला आणि अण्णांनी दोन्ही हातांनी पक्कड दाबली. दहा चौपन्न. ती तशीच वर पळाली.

"किती?" अण्णा खालून ओरडले.

अण्णांनी जिन्याचा कठडा धरून ठेवला.

"नव्वद! अण्णा, नव्वद!"

ते पायरीवरच बसले. जरा वेळाने, आवाज न करता वर गेले. मास्तर पाण्यासारखे बोलत होते आणि सुनेची बोटं त्यांच्या मागोमाग पळत होती. दाराजवळच्या स्टुलावर तिची वही उघडी होती. अण्णांनी सवयीने वाचली. 'सोमवार. खाली ९२, वर ३. मंगळवार. खाली ९१, वर ३. बुधवार. खाली ९२, वर २.' त्याखाली 'दोष' असं लिहून पुढे 'वायर' लिहिलं होतं आणि ते गिरवून गिरवून खोडलं होतं.

आज गुरुवार होता.

बारा वाजता तिने कानावरचा हेडफोन काढला आणि वळली. "सोमवारपासून सुरू करा म्हणाले!"

"तुला सोमवारीच कळलं होतं," अण्णा म्हणाले.

तिने वहीकडे पाहिलं. "तयार वायर मागवली होती. काल यायची होती, नाही आली. कंपनीने बदलून दिली असं सांगणार होते तुम्हाला."

"आणि परीक्षा गेली असती तर?"

"आठ दिवस गुडघ्यावर बसला होतात, अण्णा. कसं सांगणार?"

"तोंडाने!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की खालची दोन यंत्रं थांबली. "चौतीस वर्षं अख्ख्या गावाने माझ्याकडे तक्रारी नोंदवल्या. घरच्यांना तोंड नाही?"

मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. खात्यात दोष दुरुस्त झाला की नोंदवहीत कारण लिहावं लागे. अण्णांनी तिथे कधी पाऊस लिहिला, कधी उंदीर, कधी दुसऱ्या कुणाचं नाव. खोडलेल्या शब्दापुढे त्यांनी सावकाश लिहिलं, 'वायर. जोडणाऱ्याची चूक.' खाली सही केली, वेळ घातली, आणि वही तिच्या हातात दिली.

"तुझीही सही लागते," ते म्हणाले. "तक्रार करणाऱ्याची."