वखारीच्या हातांची भाजी

"मालुमावशी, घरात हैस न्हवं?"

बांधावरून हाक आली तशी मालुबाई खोपीच्या दारात उठायला गेली आणि 'आई गं' करून पुन्हा खाली बसली. उजव्या पायात नारू झाला होता. आठ दिवसांत पाय सुजून भोपळा झाला होता. हाक मारणारी अक्काताई होती, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पान निवडणारी. तिच्यामागून तिच्याच गल्लीतल्या दहाबारा बायका बांध उतरत होत्या. आज वखारीला सुट्टी होती.

या बायका वखारीतून सुटायच्या दिवेलागणीला. तोवर बाजारात उरायची किडकी वांगी आणि पिवळी पडलेली मेथी. त्यांनी हात लावला तरी भाजीवाल्या खेकसायच्या, कारण तंबाखूचा हात लागला की भाजी कडू होते. मग रोज भाकरी आणि चटणी. मालुबाई एकटीच शहाणी म्हणा की वेडी म्हणा, दुपारी आपल्या मळ्यातली भाजी काढायची, ओल्या पोत्यात गुंडाळायची आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायची. आधी बायकांच्या हातावर तांब्याभर पाणी ओतायची, मग म्हणायची, "घ्या आता, निवडून घ्या." यात आपण काही मोठं करतो असं तिला कधी वाटलं नाही. मागेपुढे कोणी नसलेल्या विधवेचं ते पोट होतं, इतकंच.

आता आठ दिवस तिची भाजीची बुट्टी गल्लीत गेली नव्हती आणि मळ्यात भाजी जून होत चालली होती.

"माझ्या जाग्यावर कोन बसलं गं?" तिनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"बसाय आलता एकजण," अक्काताई म्हणाली. "म्हटलं, ही मालुमावशीची जागा हाय, तू पल्याड बस. ते ऱ्हाऊ दे. काय काय काढायचं ते सांग. आजच नेऊन मांडतो. इकल्याचं समदं पैसं उद्या तुझ्या हातात."

कोणी न सांगता बायकांनी मोटेच्या पाटात हात खळखळून धुतले आणि वाफ्यांत शिरल्या. मालुबाई दारातून हुकूम सोडू लागली. थोड्या वेळानं तिनं पाहिलं तर काय! पालकाची मोठी पानं एकीकडे, मधली एकीकडे, बारकी वेगळी, सगळे देठ एका रेषेत. वखारीत तंबाखूची प्रत लावतात तशी पालकाची प्रत लागली होती. थोरली नागुबाई तर पानाची मधली शीर ओढून काढत होती.

"अगं ए, पालक हाय त्यो! शीर कशाला काढतीस?"

"हात ऐकंना झालाय बाई. जल्म गेला की शिरा काढन्यात!"

सगळा मळा हसला. मालुबाई तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि मग ते पाणी थांबेना. नवरा गेल्यापासून तिच्या रानात तिच्यासाठी कोणी फुकट वाकलं नव्हतं.

"कुठं फेडू गं तुमचं उपकार?"

"आमचं?" अक्काताई जवळ येऊन बसली. "माझ्या धाकटीला दिवं लागलं की दिसायचं न्हाई, भितीवर आदळायची, ध्यानात हाय का? डाक्टर म्हनला, हिरवा पाला खाऊ घाल. बाजार उठल्यावर मी कुठनं आननार हुते? तू आनलास. आता पोरगी सांजचं दारात बसून वाती वळतीया."

मालुबाईनं अक्काताईचा हात नुसता धरून ठेवला.

ऊन उतरलं तशा बुट्ट्या भरल्या. शेवटची, सगळ्यांत जड, अक्काताईची राहिली. डोक्यावर चुंबळ ठेवून ती दारापुढे खाली बसली आणि कोणी उचलून देतंय का पाहू लागली. मालुबाई चौकट धरून उठली.

"मावशे, पाय! आमी हाय की."

"मळा माझा हाय. मी दीन उचलून."

तिनं डाव्या पायावर भार घेतला, दात आवळले आणि दोन्ही हातांनी बुट्टी उचलली. अक्काताईच्या डोक्यावर ती टेकली तरी मालुबाईनं हात काढले नाहीत. चुंबळ सारखी केली, बुट्टीचा तोल पाहिला, आणि मगच म्हणाली, "चल, ऊठ आता."