दोरीचं दुसरं टोक

मुलगी यायला तासभर उरला होता आणि काकूंची दोरी काही केल्या चालत नव्हती.

पक्षाघाताच्या झटक्यात मास्तरांची वाचा गेली, उजवी बाजूही. डावा हात तेवढा हलायचा. ते आतल्या खोलीत पलंगावर, काकू बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर. मशीन सुरू झालं की आतून कितीही ठोकलं तरी ऐकू येत नसे. गेल्या आठवड्यात असंच ठोकून ठोकून कंटाळलेले मास्तर पाणी घ्यायला स्वतः उठले आणि पडले. मुलीने फोनवर सांगून टाकलं, "आई, मी रविवारी येतेय. तुला जमत नसेल तर बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवू. तिथे निदान कोणाला तरी कळेल त्यांना काय हवंय ते."

काकूंना राग आला; पण मुलीचं खोटं नव्हतं.

म्हणून ही दोरी. पलंगापासून मधल्या दारातून सरळ मशीनपर्यंत. या टोकाला, काकूंच्या कानाशी, बटणांचा डबा टांगलेला. तिकडे दोरी हलली की इकडे डबा खुळखुळणार. दोरी म्हणजे खरं तर कपड्यांत घालायचं इलॅस्टिक होतं. मास्तरांच्या हाताला ओढ बसू नये म्हणून काकूंनी ते मुद्दाम सैल सोडलं होतं.

"अहो, हलवा!"

मास्तरांनी मनगट उडवलं. इलॅस्टिकला फुगवटा आला, लोळत लोळत उंबरठ्यापर्यंत गेला आणि तिथेच निपचित पडला. डबा ढिम्म.

"जरा जोर लावा की! शाळेत तर फळा हादरवायचात."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. मग मूठ वळून छातीशी ओढली. पुन्हा ओढली. डोळे वटारले.

ते डोळे काकूंच्या ओळखीचे होते. मास्तर विज्ञान शिकवायचे आणि उद्याच्या धड्याची तालीम आज घरी व्हायची. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं काकूंच्या. ते झटका देत, दोरीवरून कुबड धावत येई. "बघा, दोरी वरखाली हलतेय, लाट पुढे जातेय. हा अवतरंग. दोरी आली का तुमच्याकडे? नाही. माझा झटका तेवढा आला." मग लांब स्प्रिंग जमिनीवर पसरायची. टोकाला ढकललं की तिची वेटोळी दाटत, विरळ होत, पुन्हा दाटत. "इथे हलणं आणि जाणं एकाच दिशेचं. हा अनुतरंग. हवेतून आवाज येतो तो असाच." काकूंचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असे, हात सैल पडे, आणि मास्तर ओरडत, "अहो, ताणून धरा! ढिल्या दोरीत लाट मरते!"

"अगबाई," काकू म्हणाल्या. "मघापासून हेच ओरडताय होय?"

मास्तरांनी सुटलो अशा थाटात डोळे मिटले.

काकूंनी इलॅस्टिक काढून कपडे वाळत घालायची दोरी बांधली. उंबरठ्यापासून चांगली वर राहील अशी खेचली. "हाताला काचेल हं." मास्तरांनी हातानेच ते उडवून लावलं आणि झटका दिला. डबा असा खुळखुळला की काकू दचकल्या.

मुलगी आली ती कपाळाला आठ्या घालूनच. सगळं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. स्वतः मशीनवर बसली, पाय दाबून भरधाव चालवलं. डबा खुळखुळला. ती धावत आत गेली. "काय हवंय, बाबा?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या काकूंकडे बोट केलं.

"घ्या! आईच हवी होती, म्हणजे मी उगाच पळत आले," मुलगी म्हणाली. मग दाराशी उभी राहून तिने दोरी बोटाने दाबून पाहिली. "रोज तपासायची, आई. ही सैल पडते." केंद्राचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

ती गेल्यावर काकू कामाला बसल्या. डबा वाजला. त्या उठल्या.

"पाणी?" नाही. "उशी सरकवू?" नाही.

"मग उगाच?"

मास्तरांनी होकार दिला.

"काम पडलंय माझं, आणि तुम्हाला थट्टा सुचतेय," म्हणत काकू परत आल्या. मशीन मात्र त्यांनी सुरू केलं नाही. दोरी ताणून धरली आणि आपल्या बाजूने एक झटका दिला.

आतून एक घोगरा, मोडका आवाज आला. मास्तर हसत होते.